संगीत महोत्सवातून गावाला मिळतं तरी काय? एका बेटाचा हिशोब

डिसेंबर जवळ आला की गोव्यात सनबर्न या संगीत महोत्सवावरून वाद पेटतो. २०२४ साली महोत्सव पेडणे तालुक्यात धारगळला गेला, तेव्हा गावात तट पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी सनबर्न मुंबईला हलला. वाद मात्र जिथल्या तिथे आहे. एक बाजू म्हणते, हॉटेलं भरतात, टॅक्सीवाल्यांना धंदा मिळतो. दुसरी म्हणते, आमच्या वाट्याला कचरा आणि कानठळ्या. दोन्ही बाजू बहुतेक वेळा अंदाजानेच बोलत असतात, कारण गोव्यासारख्या ठिकाणी हा हिशोब लावणं खरंच अवघड आहे. डिसेंबरात तिथे लाखो पर्यटक एरवीही येतातच. त्यातला महोत्सवासाठी कोण आला आणि समुद्रासाठी कोण, हे वेगळं कसं काढणार?

म्हणून हा प्रश्न एखाद्या लहान, दूरच्या बेटावर नेऊन पाहावा. तिथे जवळपास प्रत्येक पाहुणा आणि बिअरचं प्रत्येक पिंप बोटीतूनच उतरतं. पैसा कुठून आला, कुणाच्या हातात पडला आणि परत बोटीत बसून कसा गेला, हे तिथे बऱ्यापैकी उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आधी बेट पाहू

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिकच्या तोंडावर टायरी नावाचं बेट आहे. साधारण १९ किलोमीटर लांब आणि तव्यासारखं सपाट. झाडं जवळजवळ नाहीत, वारा टिकूच देत नाही. ओबन बंदरातून बोटीने चारेक तास लागतात. ग्लासगोहून विमान येतं, पण ते वीसेक आसनांचं.

२०११ च्या जनगणनेत इथे ६५३ माणसं होती. १८३१ मध्ये हाच आकडा साडेचार हजारांच्या घरात होता. मधल्या काळात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, जमीनदार असलेल्या आर्गाइलच्या ड्यूकने कुळांना हुसकावलं, आणि जहाजं भरभरून लोक कॅनडाला गेले. १८८६ मध्ये राहिलेल्या कुळांनी जमिनीसाठी आवाज उठवला, तेव्हा सरकारने बेटावर नौसैनिक उतरवले होते. आज लोक छोट्या कूळ-शेतीवर जगतात. तिला तिथे क्रॉफ्ट म्हणतात. मेंढ्या, गुरं, खेकडे आणि शेवंडांची मासेमारी, आणि उन्हाळ्यातले पर्यटक.

या बेटावर २०१० साली डॅनियल गिलेस्पी आणि स्ट्युअर्ट मॅक्लेनन या दोघांनी टायरी म्युझिक फेस्टिव्हल सुरू केला. गिलेस्पी हा टायरीचाच. स्केरीव्होर या बँडमध्ये तो अकॉर्डियन वाजवतो. बँडचं नाव बेटाच्या नैऋत्येला भर समुद्रात उभ्या असलेल्या दीपगृहावरून घेतलेलं. महोत्सव जुलैत होतो आणि त्याला दोनेक हजार लोक येतात, म्हणजे यजमानांच्या तिप्पट पाहुणे.

शंभर पौंड आले, राहिले किती?

इथे अर्थशास्त्रातले दोन शब्द लागतील. पहिला ‘गळती’. बाहेरून आलेल्या पैशातला जो भाग लगेच बाहेर निघून जातो, ती गळती. दुसरा ‘गुणक’. आत राहिलेला पैसा गावातल्या गावात पुन्हा पुन्हा खर्च होऊन एकूण मिळकत किती पटींनी वाढवतो, तो आकडा म्हणजे गुणक.

आता एक पाहुणा घ्या. बोटीचं तिकीट काढलं, ते पैसे कॅलमॅक या सरकारी फेरी कंपनीकडे गेले. तिचं मुख्यालय मुख्य भूमीवर आहे. बिअर प्याला, ती मुख्य भूमीवरच्या ब्रुअरीची. बेटावर राहिला तो विकणाऱ्याचा नफा. बेटावरच्या स्कॅरिनिश गावातल्या को-ऑप दुकानातून पाव आणि अंडी घेतली. दुकान देशभर पसरलेल्या साखळीचं, त्यामुळे नफा बाहेर गेला, पण काउंटरवरच्या मुलीचा पगार बेटावर राहिला. मग एका क्रॉफ्टवर तंबू ठोकायचे पैसे दिले आणि तिथल्याच गुरांच्या मांसाचा बर्गर खाल्ला. हा पैसा मात्र बराचसा आतच राहतो.

समजा, शंभरातले चाळीस बेटावर राहिले. ते ज्याच्या हाती पडले त्याने त्यातले सोळा शेजाऱ्याकडून कुंपण दुरुस्त करून घेण्यात घातले आणि उरलेल्यांतून ऑनलाइन काहीतरी मागवलं. शेजाऱ्याने सोळातले सहा गावात खर्चले. चाळीस, सोळा, सहा असं करत बेरीज साधारण सहासष्टला जाऊन थांबते. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, मोजलेले नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट दिसते. लहान बेटावर गुणक लहानच असतो, कारण पैसा फिरायला दुकानंच कमी आणि जवळपास प्रत्येक वस्तू बाहेरून आणलेली.

त्यामुळे कुठल्याही महोत्सवाचे आयोजक ‘इतक्या कोटींची उलाढाल’ म्हणतात, तेव्हा तो आकडा जरा जपून घ्यावा. उलाढाल वेगळी, गावाची मिळकत वेगळी. शंभर रुपयांची उलाढाल होऊन गावात दहा रुपये राहिले, असंही होतं.

गळती कमी करण्याचा उपाय तसा सरळ आहे: जे काम गावातला माणूस करू शकतो ते त्यालाच द्यायचं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा लोकसंगीत महोत्सव १९८१ पासून स्वयंसेवकच चालवतात. बाहेरून आलेले कलाकार हॉटेलात उतरत नाहीत, स्थानिकांच्या घरी राहतात. कार्यक्रम एकाच मोठ्या मैदानात न ठेवता गावोगावच्या सभागृहांत विखुरलेले असतात आणि ही सभागृहं गावसमित्याच सांभाळतात. आयर्लंडहून किंवा कॅनडाहून आलेला फिडलवादक सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चहा पीत बसलेला असतो. हॉटेलचा खर्च वाचतो, आणि ओळखी होतात त्या वेगळ्याच.

बोटीचं गणित

बेटावरच्या माणसाशी दोन मिनिटं बोला, विषय बोटीवर येतोच. साडेसहाशे माणसांसाठी मोठी बोट चालवणं तिकिटांच्या पैशात कधीच परवडणार नाही, म्हणून सरकार तूट भरून काढतं. २००८ पासून टायरीच्या मार्गावर भाडं कमी आहे. तेवढंच अंतर रस्त्याने कापायला जितका खर्च येईल, त्याच्याशी भाड्याची सांगड घातलेली आहे.

अशा ठिकाणी प्रवासीसंख्या हे बेटाच्या हातातलं हत्यार असतं. फेऱ्या वाढवून मागायच्या तर माणसं दाखवावी लागतात. जुलैत बोटी तुडुंब भरल्या, तर वेळापत्रकाच्या बैठकीत बेटाच्या प्रतिनिधीला बोलायला काहीतरी मिळतं.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती खरी आहे. बोटीत माणसांना जागा असते, अडचण होते गाड्यांची. उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी डेक आधीच भरलेला असतो. कोकरं ओबनच्या बाजाराला न्यायची आहेत किंवा म्हाताऱ्या आईला मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात न्यायचं आहे, तर गाडीला जागा नाही, असं होतं. त्यात बोटी जुन्या. एरन बेटाच्या मार्गासाठीची ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही फेरी २०१५ मध्ये मागवली होती, ती प्रवाशांना घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. या दिरंगाईवरून स्कॉटलंडमध्ये किती राजकारण तापलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इतकंच सांगतो की महोत्सवाच्या शनिवार-रविवारी बोट रद्द झाली तर पाहुणे, कलाकार आणि बेटकरी तिघंही एकदमच अडकतात.

चाकरमानी परत येतात तेव्हा

पैशाच्या हिशोबात न बसणारा फायदा मला जास्त मोठा वाटतो, आणि तो कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायलाच नको. गणपतीला चाकरमानी येतो तेव्हा फक्त मोदकांसाठी येत नाही. बंद घराचं दार उघडतं, गळकी कौलं शाकारली जातात, जमिनीच्या वाटणीचं रखडलेलं बोलणं होतं, एखाद्याचं लग्न ठरतं. मुंबईत वाढलेल्या नातवाला आपलं गाव कुठलं ते कळतं. शिमग्याचंही तेच.

टायरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ग्लासगोला गेली. तिथे त्यांची मंडळं आहेत. मुलं परत यायची ती आजी-आजोबांकडे, नाहीतर अंत्ययात्रेला. पंचविशीतल्या मुलाला मित्रमैत्रिणींना घेऊन गावी यायला एखादं निमित्त लागतं. महोत्सव ते निमित्त देतो. आपलं बेट म्हणजे म्हाताऱ्यांची वस्ती नाही, तिथे दोन हजार लोक तिकीट काढून येतात, हे त्याला दिसतं. त्यातला एखादा जरी चार-पाच वर्षांनी बायको-मुलांसह परत राहायला आला, तरी साडेसहाशेंच्या बेटावर तो फरक जाणवतो. शाळेतली दोन मुलं वाढली, तरी शिक्षकाची जागा वाचू शकते. अग्निशमनाच्या स्वयंसेवकांत एक धडधाकट माणूस वाढतो.

वाजवणारी पिढी तयार कुठे होते?

टायरीवर २०११ मध्ये दर दहांत जवळपास चार माणसं गेलिक बोलणारी होती. गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा, आणि तिथलं पारंपरिक संगीत बरंचसं तिच्यातच मुरलेलं. शाळेत मार खाऊन, शहरात लाजून ती मागे पडली.

१९८१ मध्ये बॅरा बेटावर लोकांच्या लक्षात आलं की मुलांना आपली गाणी-वाद्यं येईनाशी झाली आहेत. त्यांनी फेश नावाची सुट्टीतली शिबिरं सुरू केली: बॅगपाइप, फिडल, अकॉर्डियन, गेलिक गाणी. आज स्कॉटलंडभर अशा चाळीसहून अधिक शिबिरसंस्था आहेत. शेटलंडमध्ये टॉम अँडरसन या फिडलवादकाने जुन्या धुना गोळा केल्या आणि शाळांमधून मुलांना शिकवल्या. पुढे जगभर नाव झालेला अ‍ॅली बेन त्याच्याच हाताखाली तयार झाला.

शिकलेल्या मुलाला वाजवायला जागा लागते. चुलत्याच्या लग्नात वाजवणं वेगळं आणि तिकीट काढून आलेल्या अनोळखी गर्दीसमोर वाजवणं वेगळं. गावातच मोठा मंच असला की पंधरा वर्षांच्या मुलीला हा फरक लवकर कळतो. साडेसहाशे माणसांच्या टायरीने स्केरीव्होरमधले गिलेस्पी बंधू दिले आणि स्किपिनिश बँडचा अँगस मॅकफेलही दिला. हे महोत्सवामुळे झालं असं नाही, दोन्ही बँड महोत्सवाच्या आधीचे. झालं ते उलट: आधी घराघरातलं संगीत, मग बँड, आणि बँडमधून महोत्सव. पायाच नसलेल्या गावात नुसता मंच उभारून हे जमत नाही.

आणि सगळ्यांनाच काही वाजवायचं नसतं. जनरेटर, ध्वनियंत्रणा, परवाने, विमा, प्रथमोपचार, तिकिटांचा हिशोब हे सगळं कुणाला तरी शिकावं लागतं. एकदा शिकलेलं पुढच्या वर्षी गावातच असतं.

‘पण तीन दिवसांनी काय?’

हा आक्षेप रास्त आहे. अर्थशास्त्रात याचा एक भाग ‘विस्थापन’ म्हणून ओळखला जातो: महोत्सवाचा पाहुणा आला म्हणून दुसरा पाहुणा आलाच नाही, तर वाढ काहीच नाही. जुलैत टायरीवरच्या खोल्या तशाही भरलेल्या असतात. तिथे नवा पैसा येतो तो मुख्यतः तंबूंमुळे, कारण तंबू म्हणजे वाढीव खाटा.

याबाबत शेटलंडवाले जास्त हुशार वाटतात. त्यांचा महोत्सव एप्रिलच्या अखेरीला किंवा मेच्या सुरुवातीला होतो, पर्यटकांची गर्दी व्हायच्या आधी. रिकाम्या खोल्या भरतात, कुणाची जागा जात नाही. टायरीवरही ऑक्टोबरात विंडसर्फिंगची स्पर्धा होते. ज्या वाऱ्याने झाडं वाढू दिली नाहीत, तोच तेव्हा पाहुणे आणतो.

वर्षभराचं उत्पन्न हवं असेल तर महोत्सवाकडे पाहूच नये. त्यासाठी टायरीवर टिली आहे. टिली म्हणजे ९०० किलोवॉटची पवनचक्की, मालकी बेटाच्या विकास ट्रस्टची. वीज विकून आलेला नफा बेटावरच्या कामांना जातो. तिला ना कचरा उचलावा लागतो, ना पोलीस बंदोबस्त.

‘आणि कुरणांची वाट लागते त्याचं?’

टायरीच्या किनाऱ्यालगत शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन तिच्यावर गवत आणि रानफुलं माजलेली सपाट कुरणं आहेत. त्यांना माखर म्हणतात. वरून हिरवीगार, पण खाली वाळू. गाड्यांच्या चाकांनी गवताची साल एकदा फाटली की वारा उरलेलं काम करतो. शिवाय तिथल्या गवतात कॉर्नक्रेक घरटी करतो. हा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून जवळपास नाहीसा झाला आहे, आणि त्याची वीण नेमकी उन्हाळ्यात.

त्यामुळे पाहुण्यांनी कुठे राहायचं हे ठरवून द्यावंच लागतं. तंबू ठरलेल्या शेतात, कॅम्परव्हॅन क्रॉफ्टवर नेमून दिलेल्या जागी. बेटावर रेंजर आहे. तरीही कुणीतरी सूर्यास्त पाहायला गाडी थेट गवतात घालतोच, आणि त्यावर चिडणारे लोक चुकत नाहीत.

‘शेवटी मलिदा बाहेरच्यांनाच’

हे खरं की खोटं, ते लगाम कुणाच्या हातात यावर ठरतं. २०१७ मध्ये बहामातल्या ग्रेट एक्झुमा बेटावर फायर फेस्टिव्हल नावाचा श्रीमंती महोत्सव जाहीर झाला. आयोजक न्यूयॉर्कचे. महोत्सव पहिल्याच दिवशी कोसळला. आयोजकाला पुढे अमेरिकेत सहा वर्षांची शिक्षा झाली, पण दिवसरात्र राबलेल्या बेटकऱ्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. तिथल्या एका उपाहारगृहाच्या मालकिणीने कामगारांना पैसे देण्यासाठी स्वतःची शिल्लक मोकळी केली होती.

आकाराचाही प्रश्न आहे. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर १९७० मध्ये अंदाजे सहा लाखांपर्यंत लोक लोटले, आणि बेटाची वस्ती लाखभर. दुसऱ्याच वर्षी संसदेने खास कायदा करून परवान्याशिवाय पाच हजारांवर लोकांनी रात्रभर जमायला बंदी घातली. महोत्सव परत आला तो थेट २००२ मध्ये.

याच्या दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडमधलंच एग. शंभरेक माणसांचं हे बेट रहिवाशांनी १९९७ मध्ये विकत घेतलं. वीज ते स्वतः बनवतात आणि एका घराने एका वेळी पाच किलोवॉटच्या वर ओढायची नाही असा नियम आहे. तिथे राहणाऱ्या जॉनी लिंच या संगीतकाराने महोत्सव भरवले तेही याच मापाचे, काहीशे लोकांचे. वीज मोजून वापरणाऱ्या गावात गर्दीही मोजूनच बोलवावी लागते.

स्कॉटलंडच्याच लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावात १९९६ पासून हेब्रिडीयन केल्टिक फेस्टिव्हल होतो, लुज कॅसलच्या आवारात. हा वाडा बांधला जेम्स मॅथेसनने, चीनला अफू विकून कमावलेल्या पैशातून. त्या धंद्यात मुंबईहून माल पाठवणारे त्याचे भागीदार होते जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावाचं रुग्णालय आपल्याकडे आहे. मॅथेसनने १८४४ मध्ये आख्खं लुईस बेट विकत घेतलं होतं. पुढे १९२३ मध्ये, दुसऱ्या मालकाच्या काळात, स्टॉर्नोवे भागाची जमीन स्थानिकांनी निवडलेल्या ट्रस्टकडे आली आणि आजही वाड्याभोवतालची जमीन त्याच ट्रस्टची आहे. लुईसवर रविवार पाळणारे अजून पुष्कळ आहेत. रविवारची फेरी तिथे २००९ साली सुरू झाली, तीही वादावादीनंतर. म्हणून महोत्सव शनिवारी रात्री आटोपतो. जमीन गावाची असली की पाहुण्याला गावाच्या वेळा पाळाव्या लागतात.

महोत्सवाने न सुटणारी गोष्ट

परतणाऱ्या तरुणाबद्दल वर लिहिलं, त्यात एक मोठी अडचण आहे. त्याला राहायला घर लागतं. टायरीवर चाळीस टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती उघडणारी आहेत. बेटाचं नाव जितकं दूर जातं तितकी अशा घरांना मागणी वाढते, आणि नाव दूर नेण्यात महोत्सवाचाही हात आहेच. ज्याने गावी परतायची इच्छा जागवली तोच घराची किंमतही वाढवतो, हे मान्य करायला हवं.

एप्रिल २०२४ पासून स्कॉटलंडमधल्या स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावता येतो. त्यातून काही घरं मोकळी होतीलही. बाकीची बांधावी लागतील. पण टायरीवर सिमेंटपासून खिळ्यापर्यंत सगळं बोटीने येतं, बांधकामाला बरी हवा उन्हाळ्यातच असते, आणि उन्हाळ्यात बोटीच्या डेकवर जागा मिळत नाही.